मधुमेह आणि तळ्याकाठची पायपीट
बाबा गेल्यावर आईने घराबाहेर पडणेच सोडले, तिची साखर वाढली. म्हणून थंडीत मंगळवेढ्याहून आम्ही सगळे उजनीच्या काठी, भिगवणला फ्लेमिंगो पाहायला जाऊ लागलो. काठाकाठाने सपाट वाटेवर नातीचा हात धरून ती चालते.

मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली, तर काटा रुतलेलाही कळत नाही. त्यामुळे बंद बूट, मोजे घाला. परतल्यावर तळवे तपासा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. छातीत दुखले तर थांबा, तातडीने दवाखाना गाठा.

आठवड्याला किमान १५० मिनिटे चालावे. आई आता गावातही रोज चालते.