मुकी काच

जुन्या गाडीत कोणती काच बसवली आहे, हे बहुतेकदा तिच्या कोपऱ्यातच लिहिलेलं असतं. नखाएवढा धूसर शिक्का: बनवणाऱ्याचं नाव आणि ‘लॅमिनेटेड’ किंवा ‘टफन्ड’. आमची प्रीमियर पद्मिनी १९८४ ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं मार्गी लागल्यावर मी टॉर्च घेऊन एकेक काच वाचायला घेतली.

दोन्ही सेफ्टी ग्लासच, पण फुटायची तऱ्हा वेगळी. लॅमिनेटेड म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर. तडे जातात, पण तुकडे थराला चिकटून राहतात. १९०३ मध्ये फ्रान्समधल्या एदुआर बेनेदिक्तुस यांच्या प्रयोगशाळेत एक चंबू पडला, तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता, अशी तिच्या जन्माची गोष्ट सांगतात. १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. टफन्ड काच मात्र सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. पृष्ठभाग आवळला जातो, आतला भाग ताणात राहतो. म्हणून फुटते तेव्हा अख्खीच फुटते, बोथट दाण्यांत. साध्या काचेच्या मात्र सुऱ्या होतात.

शिक्का झिजला असेल तर? काच अर्धी खाली करा आणि वरची कड बघा. मध्ये रेघ दिसली तर लॅमिनेटेड. मग संध्याकाळच्या उजेडात पोलराइज्ड गॉगल घालून तिरकं बघा. टफन्ड काचेत गडद ठिपके किंवा पट्टे उमटतात. गार करतानाच्या ताणाच्या त्या खुणा. साध्या काचेत काहीच दिसत नाही.

आमच्या पुढच्या काचेवर ‘लॅमिनेटेड’ होतं, बाकीच्यांवर ‘टफन्ड’. फक्त मागच्या डाव्या दाराची काच मुकी. शिक्का नाही, रेघ नाही, ठिपके नाहीत. कड हातानं घासलेली. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की दाणेच हातात येतात. म्हणजे कधीतरी कुणीतरी साधी काच मापानं कापून बसवली होती.

ती आईची खिडकी. पुढे आजोबा बसायचे, म्हणून ती मागे. कोपऱ्यात तिनं चिकटवलेला गणपती अजून होता, उन्हानं चेहरा उडालेला. आई जाऊन चार वर्षं झाली.

“ती काच राहू दे,” बाबा म्हणाले. “इतकी वर्षं काही झालं का?”

आता त्याच काचेला डोकं टेकून माझी भाची झोपते.

गाडीच्या काचा सेफ्टी ग्लासच्याच हव्यात, असं १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. पण बाबांसमोर नियम काढून काय होणार होतं? मी त्यांच्या हातात गॉगल दिला. आधी उजवी खिडकी दाखवली. “अरेच्चा, ठिपके!” ते लहान मुलासारखे म्हणाले. मग डावीकडे आले. वाकून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं, गॉगल पुसून पुन्हा घातला.

“हिच्यात काहीच दिसत नाही गं.”

“नाहीच आहे, बाबा.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घरातून आईचा हेअर ड्रायर घेऊन आले. स्टिकर गरम करत, नखानं कड उचलत त्यांनी अर्ध्या तासात गणपती अख्खा सोडवला आणि गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदारानं काच पुढे केली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कोपरा डोळ्यांजवळ नेला आणि शिक्का मोठ्यानं वाचून दाखवला. मगच भाव विचारला.