सतरा अणूंचं वितळणं

मे महिन्यात आमच्या पवनारला गॅलियमचा तुकडा घन राहूच शकणार नाही. हा धातू 29.8 अंश सेल्सिअसला वितळतो, आणि वर्धा जिल्ह्यात तेव्हा पारा 45च्या आसपास असतो. पण याच धातूचे फक्त 17 अणू एकत्र घेतले तर?

अपेक्षा अशी की ते आणखी लवकर वितळतील. पुंजका जितका लहान, तितके जास्त अणू पृष्ठभागावर. तिथल्या अणूला शेजारी कमी, म्हणून तो सैल. 2003मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात मार्टिन जॅरोल्ड यांच्या गटाने मोजून पाहिलं, तर उलटंच निघालं. 39 आणि 40 अणूंचे पुंजके 550 केल्विनच्या आसपास वितळले. 17 अणूंचा तर 720 केल्विनपर्यंत तापवूनही वितळल्याची खूण दाखवेना. एरवीचा गॅलियम 303 केल्विनलाच वितळतो.

असं का, हे पुणे विद्यापीठात डी. जी. कान्हेरे यांच्या गटाने संगणकावर शोधलं. रीत ऐकायला सोपी आहे. अणू मांडायचे, त्या मांडणीत इलेक्ट्रॉन कसे पसरतील ते क्वांटम यांत्रिकीने काढायचं, त्यावरून प्रत्येक अणूवरचं बल काढायचं, अणू किंचित सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. आम्ही रोज लिहितो तसलाच लूप. फरक इतकाच की इथलं एक पाऊल काही फेम्टोसेकंदांचं, आणि एका सेकंदात फेम्टोसेकंद असतात एकावर पंधरा शून्यं. शिवाय तापमान बदललं की सगळं नव्याने चालवायचं.

2004च्या त्यांच्या शोधनिबंधात 17 अणूंसाठी उत्तर आलं सुमारे 650 केल्विन, 13 अणूंसाठी 1400. प्रयोगाशी आकडा तंतोतंत जुळत नाही (प्रयोगातला पुंजका विद्युतभारित होता, गणितातला उदासीन), पण दिशा पक्की जुळते. कारणही हाती लागलं : मोठ्या तुकड्यात अणूंमधले बंध अर्धे धातूचे, अर्धे सहसंयुज, पुंजक्यात ते मुख्यतः सहसंयुज होतात, आणि ते सहजी सुटत नाहीत.

माझ्या नोकरीत सर्व्हरच्या प्रत्येक तासाचं बिल येतं, आणि ते कुठल्या ग्राहकाच्या खात्यावर टाकायचं हे आधी ठरलेलं असतं. या 17 अणूंना ग्राहक नव्हता. मला हेवा वाटतो तो त्याचा.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘मंग फायदा काय याचा?’’ धाम नदीच्या काठी विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग केला, त्या गावात हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटली. उत्प्रेरकांमध्ये धातूचे असे बारीक कण वापरतात, तिथे पुस्तकातले आकडे चालत नाहीत, हे मी सांगितलं. त्याने त्यांचं फारसं समाधान झालं नाही.

मग 2006चं काम सांगितलं. 31 अणूंचा पुंजका ठरावीक तापमानाच्या आसपास स्पष्टपणे वितळतो. त्यातला एक काढा. 30 अणूंचा नेमका कधी वितळला तेच सांगता येत नाही. याच गटाने दाखवलं की मूळ मांडणीतच फरक आहे : 31ची नेटकी, 30ची विस्कळीत.

बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. ‘‘एकाच अणूनं? अन् बत्तिसावा टाकला तं?’’

तर पुन्हा पहिल्यापासून चालवायचं, बाबा. एकतीसवरून बत्तीसचं काढता येत नाही.