पित्ताशय मोठं पाहिजे!

आमच्या विंगमध्ये हाँगकाँगच्या पिक्चर्सचं वेड शिरलं आणि त्यातून मला कँटोनीजचा नाद लागला. पिक्चर संपला की डिक्शनरी उघडून एकेक शब्द फोडत बसायचो. म्हणजे सबमिशन सोडून बाकी सगळं!

तिकडे धाडसी माणसाला म्हणतात 'दाई दाम', म्हणजे मोठ्या पित्ताशयाचा. चिनी वैद्यकात हिंमत पित्ताशयात राहते, आपल्याकडे छातीत. आनंदी असणं म्हणजे 'होई सम', उघडं हृदय. कुणाचा हेवा वाटला की डोळे लाल होतात. आपले लाल डोळे रागाचे. आणि साहेबाची चमचेगिरी करणं म्हणजे 'थोक दाई ग्योक', मोठा पाय उचलून धरणं. (ओरल्सच्या आधी आमच्या विंगमध्ये हे कोण करतं, नाव घेत नाही.) हा 'ग्योक' म्हणजे मांडीपासून बोटांपर्यंत अख्खा पाय, अगदी आपल्यासारखा. 'साउ' म्हणजे हात, तोही खांद्यापासून. कॉन्व्हेंटमध्ये लेग वेगळा, फूट वेगळा, आर्म वेगळा, हँड वेगळा असं घोटून घेतलेल्या माझ्यासारख्याला किती बरं वाटलं!

सगळ्यात भारी 'यी जाय युन', मऊ कानांचा. कुणी काहीही सांगावं, ह्याला पटतं. मी रूम पार्टनरला ऐटीत ऐकवलं. तो सांगलीचा. म्हणाला, "अरे, म्हणजे आपला हलक्या कानाचा!" मला हे माहीतच नव्हतं. हाँगकाँगचे कान पाठ, घरचे नाहीत.

आणि मग मला आजीचा फोन आठवला. मागच्या सेमला केटी लागली, ती मी फक्त आजीला सांगितली होती. तिच्याकडून बाबांना कळलं. घरी व्हायचं ते झालं. दोन दिवसांनी आजीचा फोन. "माझ्या पोटात काही राहत नाही बघ. एवढं पोटात घाल रे बाळा." मला वाटलं जेवणाबद्दल विचारतेय. मी हसून म्हटलं, "आजी, मेसमध्ये जेवलोय, आज पनीर होतं." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पोटात घाल म्हणजे माफ कर, हे पार्टनरने त्या कानांच्या रात्री सांगितलं. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईने माझी माफी मागितली आणि मी तिला मेनू सांगितला!

काय बोलायचं ते आता पार्टनरकडून नीट मराठीत लिहून घेतलंय. दोनदा नंबर लावून कट केला. पित्ताशय कमी पडतंय.