मॅराडोनाच्या फोटोला हार

नेवासा,
7 डिसेंबर 2020

प्रिय भावा,

फोटो मिळाला. गल्ल्यावर अंबाबाई, तिच्या शेजारी मॅराडोना, गळ्यात झेंडूचा हार, खाली उदबत्ती. वहिनींनी हार काढला आणि तू परत घातलास, हेही कळलं. वर मला विचारतोस, चूक कुणाची! तुम्हा नवराबायकोत मी पडत नाही, पण मॅराडोनाच्या बाबतीत पडतो.

इथे नेवाशात तो गेल्याचं कुणाला सोयरसुतक नाही. इथली पोरं कबड्डी आणि क्रिकेटवाली, मोठी माणसं उसाच्या तोडीच्या मागे. फुटबॉलचं खूळ मला लागलं ते तुमच्या गावात शिकायला होतो तेव्हा. कुस्तीच्या तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघ असतो, खंडोबा तालीम काय, दिलबहार काय, हे नगरकडच्या माणसाला सांगितलं तर आजही खोटं वाटतं. आणि वर्ल्डकप आला की अर्धं कोल्हापूर ब्राझील, अर्धं अर्जेंटिना! तू जन्मजात अर्जेंटिनाचा. मी तुझ्या खोलीत राहत होतो म्हणून अर्जेंटिनाचा.

22 जून 1986 ची वर्ल्डकपमधली इंग्लंडविरुद्धची ती मॅच तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. 51 व्या मिनिटाला हातानं मारलेला गोल, 55 व्या मिनिटाला तो दुसरा गोल: आपल्या अर्ध्या भागातून निघाला आणि इंग्लंडची माणसं एकामागून एक मागे टाकत थेट गोलकीपर शिल्टनलाही चकवून गेला. चार मिनिटांत चोरी आणि चमत्कार. फॉकलंडच्या लढाईला तेव्हा चारच वर्षं झाली होती, त्यामुळे अर्जेंटिनावाल्यांना चोरीचीही गोडी लागली हे समजू शकतं. पण आपलं काय होतं? हात लागला होता हे कळल्यावर आपला आनंद कमी व्हायच्या ऐवजी वाढला. साहेबाला गंडवलं ना, मग झालं!

म्हणून तुझं ते 'खेळाडू वेगळा, माणूस वेगळा' मला पटत नाही. आपण कधी वेगळे ठेवले होते? नुसता खेळच हवा असता तर पेले होता, सभ्य, सगळ्यांशी गोड. आपल्याला हा आवडला तो विया फियोरितोच्या झोपडपट्टीतून आला म्हणून, फिफाच्या मोठ्यांना तोंडावर शिव्या घालायचा म्हणून, दंडावर चे गव्हेरा गोंदवून फिरायचा म्हणून. माणसासकट घेतला होता आपण त्याला. मग आता जड झालेला भाग वजा करून उरलेल्याला हार, हा हिशोब कसला?

तो भागही थोडाथोडका नाही. कोकेनपायी 1991 मध्ये पंधरा महिन्यांची बंदी आली. 1994 च्या वर्ल्डकपमध्ये एफेड्रिन सापडलं आणि घरी जावं लागलं. हे दोन्ही मी फारसं धरत नाही. व्यसनी माणूस निम्मा स्वतःचाच गुन्हेगार असतो. मला डाचतो तो त्याचा नेपल्सचा मुलगा. त्याच 1986 च्या सप्टेंबरात जन्मला. इटलीच्या कोर्टानं बाप कोण ते सांगितलं, तरी बापानं त्याला उघडपणे मुलगा म्हणायला 2016 उजाडलं. तीस वर्षं! जगातल्या कुठल्याही बचावफळीला तो एवढा वेळ चुकवत नव्हता. आणि 2014 मध्ये मैत्रिणीवर हात उगारल्याचा तो व्हिडिओ आला. मारलं नाही, असं तो म्हणाला. वहिनींनी तो पाहिलाय, एवढंच तुला सांगून ठेवतो.

तो गेला 25 नोव्हेंबरला. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा दिवस जगभर पाळतात तो हाच. तीन दिवसांनी स्पेनमध्ये एका मॅचआधी त्याच्यासाठी सगळ्या खेळाडू शांत उभ्या राहिल्या, तेव्हा पाउला दापेना नावाची पोरगी मैदानाकडे पाठ करून खाली बसली. मार खाणाऱ्या बायकांसाठी मिनिटभर कुणी उभं राहिलं नाही, मग याच्यासाठी का, हा तिचा सवाल. तिला धमक्या आल्या. माझ्या थोरलीनं हे मला वाचून दाखवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नेवाशात बसून लिहितोय म्हणजे आता मी ज्ञानोबांचा दाखला देऊन उपदेश करणार असं तुला वाटलं असेल. नाही करत.

कारण रडणाऱ्यांनाही मी खोटं म्हणणार नाही. नेपल्सवाले बघ. उत्तर इटली ज्यांना हिणवायची, त्या गावाच्या क्लबला यानं 1987 मध्ये पहिल्यांदा लीग जिंकून दिली, 1990 मध्ये परत. त्याच वर्षी वर्ल्डकपची सेमीफायनल नेमकी नेपल्सला, इटली विरुद्ध अर्जेंटिना! एरवी हा देश तुम्हाला विचारत नाही, आज का तुम्ही त्यांचे, असं यानं त्यांना उघड म्हटलं. लोकांची पंचाईत झाली. बरेच जण इटलीच्याच बाजूनं ओरडले, पण त्याच्यावर चिडायचं त्यांना जमलं नाही. अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली. पुढे रोमच्या फायनलला अर्जेंटिनाचं राष्ट्रगीत शिट्ट्यांनी बुडवलं गेलं. आता स्टेडियमला त्याचं नाव दिलंय. ही माणसं भाबडी नाहीत. त्यांनी त्याची नशा आणि कॅमोरा माफियातली ऊठबस जवळून पाहिली होती.

तुझा 'मेल्या माणसाचं वाईट बोलू नये' हा मुद्दा मात्र मागे घे. नेवासा फाट्यावर ये, भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स बघ. ज्यानं भावाची जमीन खाल्ली तोही तिथे दानशूर, आधारवड आणि अजातशत्रू. छापणाऱ्याकडे मजकूर तयारच असतो, नुसता फोटो बदलायचा. मॅराडोनाला तसला फ्लेक्स नको. फोटो ठेव, रड, दुसरा गोल नातवाला शंभरदा दाखव. फक्त देवीच्या शेजारून त्याला उचल आणि जिथे तुझा तालमीतला ग्रुप फोटो आहे तिथे लाव. तिथे सगळे आपल्यासारखेच आहेत.

शाहू स्टेडियमवर मॅचेस कधी सुरू होतायत ते कळव. आणि उत्तर लिहून पाठव, फोन नको. फोनवर तू ओरडतोस आणि मग पेलेचा विषय निघतो.

तुझा,
नेवासकर