मडकें आधीं घरीं वाजवावें

मडकें घेणारा तें बोटानें वाजवून पाहतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु चांगला कुंभार तें बाजारांत नेण्यापूर्वीं आपल्या अंगणांतच वाजवितो आणि ज्याचा नाद फुटका निघेल तें बाजूस काढतो, याकडे आपलें फारसें लक्ष जात नाहीं. जालना जिल्ह्यांतील ज्या गांवाविषयीं आम्ही लिहीत आहों त्याचें नांवच कुंभार पिंपळगाव असल्यामुळें, ही गोष्ट सांगण्याचा थोडा अधिकार आम्हांस पोहोंचतो. विषय मात्र मडक्यांचा नसून संगणकाचा आहे. वाचकांनीं दचकून पान उलटूं नये.

मराठवाड्यांत पाण्याचा हिशेब ठेवणें हा विरंगुळा नव्हे. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्ह्यानें टँकरच्या वाटेकडे डोळे लावून जे दिवस काढले, ते येथें कोणी विसरलेला नाहीं. म्हणून आमचे कांहीं विद्यार्थी शिवारांतील चोवीस विहिरींचें पाणी दर पंधरवड्यास दोरी सोडून मोजतात आणि वहींत मांडतात. पुढचें काम संगणकाचें : आंकडे तपासावयाचे, मागील पंधरवड्याशीं ताडून पाहावयाचे, तक्ता करावयाचा आणि पारावर लावण्याजोगा कागद सिद्ध करावयाचा. एक काम संपलें कीं दुसरें आपोआप सुरू होतें. मध्यें मनुष्याचा हात लागत नाहीं. या साखळीस तरुण मंडळी ‘पाइपलाइन’ म्हणतात. पारावरचा तो कागद पाहून रब्बीस गहूं पेरावा कीं हरभरा, हें कित्येक घरांत ठरतें. कारण गव्हास पाणी पुष्कळ लागतें आणि हरभरा थोडक्यांत निभावतो. अर्थात् कागदावरची चूक शेतांत उगवते.

ही साखळी चालते कोठें? सामान्यतः दूर कोठें तरी असलेल्या दुसऱ्याच्या यंत्रावर. फाईल पाठवावी, कांहीं मिनिटें थांबावें, आणि तिकडून हिरवी खूण किंवा लाल फुली यावी, असा क्रम असतो. एखादें चिन्ह चुकलें तरी पुन्हां पाठविणें आलें, पुन्हां थांबणें आलें. आणि आमच्याकडे वीज व मोबाईलची रेंज यांचें एकमत नेहमींच होतें असें नाहीं. म्हणून आमच्या एका विद्यार्थिनीनें हट्ट धरला, कीं सगळी साखळी आधीं आपल्या लॅपटॉपवर चालवावयाची, निघालेला कागद वहीशेजारीं ठेवून वाचावयाचा आणि मगच फाईल दूर पाठवावयाची. इतरांस हा दुहेरी खटाटोप वाटला. “सर, हिरवी खूण म्हणजे काम पुरें झालें, तें बरोबर झालें असें ती कोठें म्हणते?” असें तिनें आम्हांस विचारलें. या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पहिल्याच खेपेस तिचें म्हणणें खरें ठरलें. कागदावर दहा नंबरच्या विहिरीपुढें बारा नंबरच्या विहिरीचें पाणी छापून आलें होतें. बारा नंबरची विहीर ओढ्याकांठची, भरलेली. दहा नंबरचीचा तळ दिसूं लागलेला. यंत्रानें तक्रार केली नव्हती. खूण हिरवीच होती. शोध घेतां कारण सांपडलें तें असें. विहिरींची यादी ज्या कॉन्फिगरेशन फाईलींत, म्हणजे यंत्रास दिलेल्या सूचनापत्रांत होती, तें ‘यॅमल’ नांवाच्या पद्धतीनें लिहिलेलें होतें, आणि नीटनेटकेपणासाठीं क्रमांक इंग्रजी आंकड्यांत ००१, ००२ असे मांडलेले होते. २००५ च्या यॅमल १.१ या आवृत्तीचा नियम असा, कीं आरंभीं शून्य असलेली संख्या दहाच्या पटीनें न मोजतां आठाच्या पटीनें मोजावी. त्या हिशेबानें ०१२ म्हणजे एक आठ आणि वर दोन, मिळून दहा! पहिल्या सात विहिरी दोन्ही पद्धतींत सारख्याच, त्यामुळें वरवर पाहणारास संशय येऊं नये. आठ आणि नऊ हे आंकडे त्या मोजणींत नाहींतच. म्हणून ००८ व ००९ यांस यंत्रानें संख्या न मानतां नुसता मजकूर मानलें. दहापासून पुढें मात्र सगळी रांग सरकली. २००९ च्या १.२ आवृत्तींत हा नियम बदलला. परंतु जुन्या नियमानें वाचणारीं साधनें अद्याप सर्रास वापरांत आहेत.

याच जुन्या नियमांच्या आणखीही लीला आहेत. नॉर्वे देशाचें इंग्रजी दोन अक्षरी संक्षिप्त नांव ‘एन ओ’ असें लिहिलें, तर यंत्र त्याचा अर्थ ‘नाहीं’ असा घेतें आणि एक देश नाहींसा होतो. सायंकाळचे १७:३० लिहिले, तर साठाच्या पटीनें मोजून १०५० होतात. गमतीची गोष्ट ही, कीं देवनागरी आंकडे लिहिले तर हें यंत्र त्यांस हात लावीत नाहीं. त्यांस तें केवळ मजकूर समजतें. अज्ञानाचाही कधीं कधीं असा उपयोग होतो.

मग सूचनापत्र कोणत्या पद्धतीनें लिहावें, यावर मुलांत दोन तास वाद झाला. एकानें म्हटलें, “क्रमांकांस अवतरणचिन्हें घातलीं कीं झालें, यॅमल वाचावयास सर्वांत सोपें आहे.” तें खोटें नव्हतें. पण जो नियम प्रत्येक लिहिणारानें प्रत्येक वेळीं आठवावयाचा, तो एके दिवशीं विसरला जाणारच. ‘जेसन’ ही दुसरी पद्धत; तींत आरंभींचें शून्य चालतच नाहीं, यंत्र फाईल तत्काळ परत करतें. परंतु तींत समासांत टीप लिहिण्याची सोय नाहीं. डग्लस क्रॉकफर्ड यांनीं ती बुद्ध्याच काढून टाकली. आमच्या यादींत तर ‘या विहिरीचा गाळ काढला’ अशा टिपा जागोजाग हव्यात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनीं २०१३ सालीं आणलेली ‘टॉमल’ ही तिसरी. ती टीप घेते आणि शून्यानें सुरू होणारी संख्या नाकारते. यादीसाठीं मुलांनीं तीच निवडली. दूरच्या यंत्रास द्यावयाचें सूचनापत्र यॅमलमध्येंच लागतें, तेथें निवडीस वाव नाहीं. म्हणून त्यांत ‘अमुक फाईल चालव’ एवढेंच सांगून खरें काम स्वतःच्या फाईलींत ठेविलें. तीच फाईल घरीं चालते, तीच दूर चालते. दूरचें वातावरण हुबेहूब घरीं उभें करणारीं साधनेंही आहेत. परंतु तीं उतरवून घ्यावयास पुष्कळ डेटा लागतो, आणि तालीम कितीही चांगली झाली तरी ती प्रयोग नव्हे, हें मुलांस आम्हीं सांगून ठेविलें आहे.

लिहिण्याची पद्धत निवडणारास वाटतें, कीं आपण आजची सोय पाहत आहों. स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ‘मेक’ हें साधन रचलें. त्यांत आज्ञेच्या ओळीपूर्वीं ‘टॅब’ची कळच दाबली पाहिजे, असा एक अडचणीचा नियम राहून गेला. तो बदलावा असें त्यांच्या मनांत आलें तोंवर साधन वापरणारे सुमारें डझनभर झाले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून नियम तसाच ठेविला. त्या डझनभरांच्या भिडेपायीं पुढील पिढ्यांतले असंख्य लोक त्या कळेशीं झगडत आले आहेत.

आमच्याच घनसावंगी तालुक्यांतील जांब येथें जन्मलेल्या रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांत लेखनक्रियेवर एक समास लिहिला आहे. अक्षरें सारखीं असावींत, ओळीस ओळ लागूं नये, पानाभोंवतीं जागा सोडावी, इतक्या बारकाईनें त्यांनीं सांगितलें. उद्यां ती पोथी दुसरा कोणी वाचणार आहे, हें त्यांच्या डोळ्यांपुढें होतें. आमच्या मुलांच्या वादांतही शेवटीं तोच वाचणारा जिंकला. फरक इतकाच, कीं त्याच्या आणि लिहिणाराच्या मध्यें आतां एक यंत्र बसलें आहे. चूक दिसली कीं ओरडणारें यंत्र त्रासदायक असतें, तरीही गोड हंसून चुकीचें काम पुरें करणाऱ्यापेक्षां आम्हांस तें शतपटीनें प्रिय आहे.

पारावर लागला तो कागद दुरुस्त होता. त्या रब्बीस दहा नंबरच्या विहिरीखालीं हरभरा पेरला गेला.