सामानासकट

लहानपणी बदलीची ऑर्डर आली की पप्पा सगळ्यात आधी स्टुलावर चढायचे. बल्ब काढायचे, मग ट्यूबलाइटच्या पट्ट्या, शेवटी पंखा. पंखा खाली येईपर्यंत आईची भांडी पोत्यात गेलेली असायची. पप्पा वीज मंडळात लाइनमन. तासगाव, विटा, आटपाडी, जत असं आम्ही सांगली जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरत राहिलो. भाड्याचं घर म्हणजे चार भिंती, कडप्प्याचा ओटा आणि छताला एक हुक. उरलेलं घर टेम्पोतून यायचं आणि टेम्पोतून जायचं.

त्यामुळे २०२२ च्या जुलैत बर्लिनच्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी एक गोष्ट लगेच ठरवून टाकली. घर घ्यायचं ते सामानासकट. पलंग, गादी, ताटल्या, दिवे, सगळं आधीपासून जागेवर असलेलं. माझ्याकडे विमानात नेता येतील अशा २३-२३ किलोच्या दोन बॅगा होत्या आणि स्टुलावर चढायची अजिबात हौस नव्हती.

आईला हा बेत फार आवडला. मला वाटलं, माझी सोय बघून आवडला असेल. मग एकदा ती मावशीला फोनवर सांगताना ऐकलं, "तिथं काही विकत घेणार नाही म्हणते. म्हणजे येईलच की परत."

मी वाकडच्या फ्लॅटमध्ये बसून एक्सेल शीट बनवली. इंजिनिअर माणसाला भीती वाटली की तो एक्सेल उघडतो. दीड महिन्यात त्यात ३७ घरं भरली. भरता भरता जर्मन घरांचं एकेक कोडं सुटत गेलं. तिथे खोल्या मोजताना स्वयंपाकघर आणि बाथरूम धरत नाहीत, म्हणजे 'दोन खोल्यांचं घर' म्हणजे आपला वन बीएचके. भाडंही दोन प्रकारचं. 'थंड भाडं' म्हणजे नुसत्या जागेचं, आणि 'गरम भाडं' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, जिन्याची झाडलोट वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहूनही वेगळं. पहिल्या आठवड्यात मी थंड भाडी बघून खूश होत होते, ती खुशी आठवून आता हसू येतं.

आणि बिनसामानाचं घर म्हणजे खरोखरच बिनसामानाचं. कित्येक घरांत ओटासुद्धा नसतो. सिंक नाही, शेगडी नाही, कपाटं नाहीत, भिंतीतून नळाची दोन तोंडं बाहेर आलेली आणि छतातून वायरी लोंबकळतायत. लोक घर सोडताना स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातात. मी हे पप्पांना सांगितलं तेव्हा ते चकित होतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मग? दिवे काय मालकाला ठेवून जायचे व्हय?"

सामानासकट घरं महाग असतात, आणि त्यामागे फक्त सोफ्याची किंमत नसते. बर्लिनमध्ये २०१५ पासून नव्या करारांच्या भाड्याला कायद्याने लगाम आहे. काही अपवाद सोडले तर त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त मागता येत नाही. पण घरात सामान ठेवलं की त्याचा आकार वर लावता येतो, आणि मी घर शोधत होते तेव्हा तो आकार किती, हे करारात वेगळं दाखवायचं बंधन मालकावर नव्हतं. 'तात्पुरत्या वापरासाठी' दिलेल्या घराला तर तो लगाम लागूच होत नाही. म्हणजे नुकतेच आलेले, भाषा न येणारे, घाईत असलेले आपण सगळे त्या फटीतून आत शिरतो. मी हे वाचलं, चिडले, आणि निमूटपणे पुढचं घर शीटमध्ये भरलं. माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता. बिनसामानाच्या घरासाठी मालक पगाराच्या तीन स्लिपा आणि उधारीचा स्वच्छ इतिहास मागतात. जर्मनीत पाऊल न टाकलेल्या माणसाला इतिहास कुठून असणार?

शेवटी तीन घरं उरली.

पहिलं वेडिंग नावाच्या भागात. ("घर वेडिंगमध्ये बघतेय" हे वाक्य आईला फोनवर नीट ऐकू गेलं नाही, त्यावरून एक वेगळंच संभाषण झालं, ते सोडून देऊ.) ३२ चौरस मीटर, भाडं ७८० युरो, फोटोत लाकडी जमीन आणि खिडकीत कुंडी. बाकीच्या घरांपेक्षा स्वस्त. मालक कामासाठी दुसऱ्या देशात असल्यामुळे घर दाखवायला कुणी नव्हतं. डिपॉझिट आणि पहिलं भाडं भरा, किल्ली कुरिअरने येईल, घर आवडलं नाही तर पैसे परत.

तुम्ही म्हणाल, ही फसवणूक तर शेंबड्या पोरालाही कळेल. मलाही कळत होती. पण ३७ घरांना मेल टाकल्यावर जेव्हा एकच माणूस अर्ध्या तासात, प्रेमाने, तुमचं नाव बरोबर लिहून उत्तर देतो, तेव्हा कळणं आणि वळणं यात बरंच अंतर पडतं. त्यात माझं जायचं तिकीट २९ सप्टेंबरचं. पप्पांनी डिपॉझिटसाठी निवृत्तीच्या पैशांतली एक एफडी मोडली होती, अडीच लाखांची. मी न मागता मोडली होती. ते पैसे माझ्या खात्यात येऊन पडले होते आणि त्यांना लवकर कुठेतरी सुरक्षित पोचवावं असं मला वाटत होतं, हे आता लिहिताना किती उलटं वाटतं.

रात्री मी पप्पांना सांगितलं की घर मिळतंय, उद्या पैसे पाठवते. ते म्हणाले, "मीटर कुणाच्या नावावर हाय?"

"पप्पा, जर्मनी आहे ती."

"असू दे की. लाइट बिल पाठव म्हणावं त्याला."

मी हसले. पण मेल टाकला, की कृपया आपल्या नावाचं विजेचं बिल पाठवाल का. अर्ध्या तासात उत्तर देणारा तो प्रेमळ माणूस पुन्हा कधीच बोलला नाही. दोन दिवसांनी जाहिरातही गायब झाली.

दुसरं घर नॉयकोल्नमधलं, खरं होतं. व्हिडिओ कॉलवर एका मुलीने फिरवून दाखवलं. ती सहा महिने बाहेर जाणार होती, ८५० युरो, घर उबदार, पुस्तकांनी भरलेलं. अडचण एकच. जाहिरातीत खाली लिहिलं होतं, 'पत्त्याची नोंदणी शक्य नाही.' जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत महापालिकेच्या कार्यालयात त्या पत्त्यावर नाव नोंदवावं लागतं. त्यासाठी घर देणाऱ्याने सही केलेला कागद लागतो. नोंदणी झाली की करदात्याचा नंबर पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. तो नंबर नसेल तर पगारातून सगळ्यात जड दराने कर कापला जाऊ शकतो. बँक खात्यालाही बऱ्याच ठिकाणी नोंदणीचा कागद लागतो, आणि चांगल्या घरमालकाला बँक खातं. कोडमध्ये याला आम्ही सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतो आणि ज्याने ती घातली त्याला रिव्ह्यूमध्ये सोलतो. इथे सोलायला कुणी नव्हतं. ते पुस्तकांचं घर मी सोडलं. अजूनही कधीकधी आठवतं.

तिसरं मोआबिटमधलं. मागच्या इमारतीत, चौथा मजला, लिफ्ट नाही. ३१ चौरस मीटरची एक खोली, वीज-इंटरनेट धरून ११५० युरो, डिपॉझिट २०००, करार १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोंदणी चालेल. त्यांच्या फोटोंवर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी गादीवरून माप काढलं. गादी १४० सेंटिमीटर रुंद आहे असं लिहिलं होतं, मग तेवढ्या पट्टीने भिंत, टेबल, दारापर्यंतची जागा मोजली. शेगडी कोणती आहे तेही विचारलं, कारण इंडक्शन असती तर आईने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर शोभेची वस्तू झाला असता. काचेखाली तार तापणारी शेगडी निघाली, कुकर चालणार होता. हे प्रश्न विचारून मला आपण फार हुशार आहोत असं वाटलं. एक प्रश्न मात्र मी विचारला नाही. आई विचारत होती, "दार कुठल्या दिशेला आहे?" मी म्हटलं, वास्तुशास्त्र नको आता.

एजंटने किल्लीबरोबर चार पानांची यादी दिली. ताटल्या ४, काटे ६, चमचे ६, वाइनचे ग्लास ४, बाटलीचं बूच काढायचं यंत्र १, पांढऱ्या कव्हरचा सोफा १. प्रत्येक ओळीपुढे स्थिती लिहिलेली आणि खाली माझी सही. दुसऱ्याचं घर वापरायचं म्हणजे काय, हे त्या यादीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मला ते नोव्हेंबरात कळलं, डाळीची फोडणी करताना. एका खोलीचं घर, शेगडीपासून सोफा दीड मीटरवर. हातातली वाटी निसटली आणि पांढऱ्या कव्हरवर पिवळा नकाशा उमटला.

मी धुतलं. दोनदा धुतलं. साबणाने हळद लालसर झाली, मग परत पिवळी. आईला व्हिडिओ कॉल केला. ती म्हणाली, "अगं उन्हात टाक, हळद उन्हाला जाते." मी फोन खिडकीकडे वळवला. खाली अंगण, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, वर करड्या आभाळाचा चौकोन. खिडकी उत्तरेला होती. डिसेंबरात बर्लिनमध्ये दिवसच पावणेआठ तासांचा, आणि त्यातलं ऊन माझ्या खिडकीत यायचंच नाही. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तरी मी विचारलं होतं."

तो हिवाळा मी त्या डागावर शाल टाकून काढला. फोडणी बंद केली, कारण वास पडद्यात बसतो. भिंतीवर खिळा ठोकला नाही. सोफ्यावर बसायचे ते यादीतल्या वस्तूवर बसल्यासारखी, सावरून. डिपॉझिटमधला प्रत्येक युरो मला पप्पांच्या एफडीत दिसायचा. खालच्या बेलवर माझं नाव नव्हतं, मालकाचं होतं. तिथे घरांना नंबर नसतात, बेलवर आणि पत्रपेटीवर नाव असतं, नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही. मी पत्रपेटीवर चिकटपट्टीने कागद लावला होता. तो दमट हवेने आठवड्याला सुटायचा आणि मी परत लावायचे. तेवढी एकच वस्तू त्या घरात माझ्या अक्षरात होती.

फेब्रुवारीत ऑफिसमधला एक सहकारी गावी परत निघाला. त्याचं लिष्टेनबर्गमधलं घर, बिनसामानाचं, करार बेमुदत, गरम भाडं ७४० युरो. त्याने मालकाला माझं नाव सुचवलं. एव्हाना माझ्याकडे तीन पगाराच्या स्लिपा होत्या. ओटा, सिंक आणि शेगडी त्याच्याकडून ६०० युरोला घ्यायची, बाकी काही नाही.

घरी सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "ओटा विकत घेणार?" मी म्हटलं, हो. दिशाही सांगितली, दक्षिण. तिने ती ऐकली नसावी. "ओटा घेतल्यावर मग..." म्हणाली आणि फोन पप्पांकडे दिला. मी काय उत्तर द्यायला हवं होतं मला माहीत नव्हतं. भाडं ४१० युरोंनी कमी होतं, हा हिशोब मी पप्पांना समजावून सांगितला. वर्षभरात एफडी परत होईल वगैरे. ते "बरं, बरं" म्हणत राहिले.

मार्चच्या मध्यावर एका रविवारी कडक ऊन पडलं. मी सोफ्याचं कव्हर घेऊन जवळच्या बागेत गेले आणि गवतावर पसरून शेजारी चार तास पुस्तक वाचत बसले. पुढच्या रविवारी परत. हळद गेली. एजंटने ३१ तारखेला चारही पानं तपासली, काटे मोजले. एक वाइनचा ग्लास कमी भरला, त्याचे ८ युरो कापले. तो मी फोडलाच होता.

त्याच संध्याकाळी लिष्टेनबर्गच्या रिकाम्या खोलीत उभी राहून मी पप्पांना फोन केला. आवाज घुमत होता. कॅमेरा वर धरला. छतातून तीन वायरी लोंबकळत होत्या. काळी, निळी, हिरवी-पिवळी.

"काळी न्यूट्रल," पप्पा म्हणाले, आणि लगेच थांबले. "तिकडं बी तसंच हाय का?"

तसं नव्हतं. मी वाचून ठेवलं होतं. इथे निळी न्यूट्रल, काळीत करंट. आपल्याकडच्या सवयीने जोडलं असतं तर उलटं झालं असतं. पप्पा जरा वेळ स्क्रीनमध्ये डोळे बारीक करून बघत राहिले. इतक्या वर्षांचा हात, आणि रंगच बदललेले.

"मेन बंद केलास?"

"केला."

"टेस्टर हाय?"

"आणलाय."

"मग तीनीला लावून बघ. नाव वाचून नको, लावून बघ. आणि स्टूल हलतंय का बघ आधी." मागून आई म्हणाली, "खाली कुणी धरायला आहे का तिला?" कुणी नव्हतं. पप्पांनी फोन टेबलावर टेकवून ठेवायला सांगितला, म्हणजे त्यांना दिसेल. मी टेबल नाही म्हटलं. मग फोन ओट्यावर ठेवला, कुकरला टेकवून, आणि स्टुलावर चढले.