कूलंटच्या रंगावर जाऊ नका

पनवेलहून पुण्याला मासळी नेणारी पिकअप, तीवरच आमचं घर चालतं. बोरघाटात इंजिन तापून गाडी थांबली की बर्फ वितळतो, माल वाया जातो. म्हणून कूलंट बदलताना आम्ही हिरवं की लाल, हे पाहत नाही. रंग कंपनीच्या मर्जीचा. आतलं रसायन वेगळं निघालं आणि जुन्यात मिसळलं, तर गाळ धरून रेडिएटर तुंबू शकतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच आणायचा. तयार मिश्रणात पाणी घालायचं नाही. घट्ट असेल तर डिस्टिल्ड पाणी, बहुधा निम्मंनिम्मं. नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. झाकण इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं. अम्मीचा हुकूम मात्र वेगळाच: उरलेला डबा कुलपात! चवीला गोड, पण विषच ते. घरात लहान मुलं आहेत, अंगणात मांजर.